दुधाच्या साखरेचे दार

‘पेशीपटल हे निवडक पार्य असते’ हे वाक्य आपण सर्वांनीच वर्गात अनेकदा उच्चारले आहे. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, की ही निवड करते कोण, तर उत्तर देताना आपली थोडी पंचाईत होते. मिलिमीटरच्या एक लक्षांशापेक्षाही कमी जाडीच्या पापुद्र्याला हे येऊ द्यावे आणि ते अडवावे, हे कसे कळते?

या प्रश्नाचे नेमके उत्तर पहिल्यांदा ज्या थोड्या ठिकाणी सापडले, त्यांतले एक ठिकाण आहे आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू. त्याच्या पटलात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आत आणणारे एक प्रथिन असते. त्याला नाव मिळाले १९५६ साली. ते शुद्ध स्वरूपात हाती यायला १९८१ साल उजाडले आणि त्याची रचना दिसली २००३ मध्ये. जी वस्तू कोणी पाहिलेली नाही, जी बाटलीत भरून दाखवता येत नाही, ती आहे असे म्हणण्याचा अधिकार शास्त्रज्ञांना कशाने मिळतो, हे या इतिहासातून फार चांगले कळते.

तेलकट पापुद्रा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अर्नेस्ट ओव्हर्टन या संशोधकाने झुरिच येथे निरनिराळे पदार्थ जिवंत पेशींत किती सहज शिरतात हे तपासले. तेलात सहज विरघळणारे पदार्थ पेशीत झटकन शिरत होते. पाण्यात विरघळणारे पण तेलात न विरघळणारे पदार्थ मात्र बाहेरच अडकून पडत. यावरून पेशीचे वेष्टन मेदासारख्या पदार्थाचे असावे, असे त्याने अनुमान काढले. १९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी हा मेदाचा थर दुपदरी असल्याचे दाखवले.

हे सगळे ठीक. पण यातून एक अडचण उभी राहते. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. मग साखरेवर जगणाऱ्या पेशींना साखर मिळते कशी? पटलाला बारीक भोके असतील असे म्हणावे, तर त्या भोकांतून पेशीतले मौल्यवान पदार्थ बाहेर का गळत नाहीत? शिवाय चाळणीची भोके आकार पाहतात. एकाच आकाराच्या दोन साखरांपैकी एक आत घ्यायची आणि दुसरी बाहेर ठेवायची, हे चाळणीचे काम नव्हे.

विकर आहे, पण काम होत नाही

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, इमारतीच्या माळ्यावर आंद्रे ल्वॉफ यांची प्रयोगशाळा होती. तेथे जाक मोनो हे ई. कोलायच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करत होते. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिले तर हा जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, मग थोडा थांबतो आणि नंतर लॅक्टोजकडे वळतो. त्या थांब्यात तो लॅक्टोज फोडणारे विकर तयार करत असतो. या विकराचे नाव बीटा-गॅलॅक्टोसायडेज. लॅक्टोज समोर असेल तरच ते भराभर तयार होते.

या विकराची मोजणी करायला एक सोयीचा पदार्थ मिळाला होता, ओएनपीजी. तो रंगहीन असतो. विकराने त्याचे दोन तुकडे केले की पिवळा रंग येतो. रंग जितका लवकर गडद होईल तितके विकर जास्त.

आता खरी गंमत. काही उत्परिवर्ती जिवाणू असे सापडले, की ते लॅक्टोजवर वाढतच नाहीत. त्यांच्यात विकर नसणार, असे कोणीही म्हणेल. पण टोल्यूइन घालून त्यांचे पटल मोडले की नळीत भरपूर पिवळा रंग उमटे! म्हणजे विकर आत होते, चांगले कामसूही होते. साबूत पेशी असताना मात्र त्याचा काही उपयोग होत नव्हता. अशा जिवाणूंना ‘गुप्त’ असे विशेषण मिळाले. घरात स्वयंपाकी आहे, चूल पेटलेली आहे, पण धान्य उंबऱ्याच्या बाहेरच पडले आहे, अशी ही स्थिती.

जॉर्ज कोहेन, हॉवर्ड रिकेनबर्ग, जेरार ब्युटँ आणि मोनो यांनी हा धागा पकडला. त्यांना साखरेचे आत येणे मोजायचे होते. पण खरे लॅक्टोज आत आले की लगेच फुटते, मग मोजायचे काय? यासाठी त्यांनी लॅक्टोजसारखाच दिसणारा, पण विकराला फोडता न येणारा पदार्थ वापरला. त्यात साखरेच्या जोडावर ऑक्सिजनच्या जागी गंधकाचा अणू असतो. हा गंधक किरणोत्सारी घेतला, की पेशीत किती माल शिरला ते किरणमापकावर थेट वाचता येते.

निष्कर्ष स्पष्ट होते. आधी लॅक्टोजसारख्या पदार्थाच्या सान्निध्यात वाढलेल्या पेशी हा माल जोराने आत घेत. बाहेरच्यापेक्षा आतली संहती शंभरपटीपर्यंत चढे. बाहेर दुसरे गॅलॅक्टोसाइड घातले की आत साठलेला किरणोत्सारी माल हटून त्याची जागा नवा माल घेई. बाहेरची संहती वाढवत नेली तर आत घेण्याचा वेग वाढत जाऊन एका मर्यादेला थबके, जणू ठरावीक संख्येची दारे आहेत आणि ती सगळी गुंतलेली आहेत. पेशीची ऊर्जानिर्मिती बंद पाडणारी विषे दिली की साठा होत नसे. प्रथिनांची निर्मिती रोखली तर ही क्षमता पेशीत येतच नसे. आणि गुप्त उत्परिवर्तींमध्ये ती मुळातच नव्हती.

या गुणांची गोळाबेरीज करून १९५६ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेतल्या आपल्या लेखात मांडले, की पेशीच्या पटलात साखर आत आणणारे एक स्वतंत्र प्रथिन आहे. त्याला त्यांनी ‘पर्मिएज’ असे नाव दिले.

नुसत्या नावाला काय अर्थ?

सगळ्यांना हे पटले असे नाही. विकरांच्या नावाला ‘एज’ हा प्रत्यय लागतो. पण विकर पदार्थात रासायनिक बदल घडवते. हे पर्मिएज तर साखर जशीच्या तशी आत ठेवते. मग त्याला विकरासारखे नाव कसे द्यायचे? आणि मुख्य म्हणजे, ते कोणी वेगळे काढून दाखवले होते? एका वर्तनाला नाव दिल्याने त्यामागची वस्तू सिद्ध होते का?

दुसरी शंका अधिक गंभीर होती. पेशीच्या आत साखरेला चिकटून धरणाऱ्या जागा असतील तर? मग दार मानण्याची गरजच नाही. साखर कशीबशी झिरपत आत येईल आणि तेथे चिकटून राहील. मोजणीत साठा दिसेल, पण तो गोदामाचा असेल, दाराचा नव्हे.

या शंकेचे निरसन करणारा एक सुंदर प्रयोग विल्यम सिस्ट्रॉम यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. आपण वर्गात परासरण शिकवतो, तेच तत्त्व त्यात आहे. जिवाणूची कडक भित्ती काढून टाकली की उरतो तो नाजूक पटलाचा फुगा. आतल्या पाण्यात विरघळलेले कण वाढले, तर बाहेरचे पाणी आत घुसते आणि फुगा फुगतो, प्रसंगी फुटतो. साखर आत कशाला तरी चिकटलेली असेल तर परासरणात तिची गणना होणार नाही आणि फुगा शाबूत राहील. साखर मोकळी असेल तर फुगा फुटेल. फुगे फुटले. साखर पाण्यात मोकळीच होती. म्हणजे पेशीने ती खरोखरच उताराविरुद्ध, कमी संहतीकडून जास्त संहतीकडे, आत चढवली होती.

याच सुमारास, १९५७ मध्ये, ॲरन नोविक आणि मिल्टन वायनर यांनी या दाराचा आणखी एक चमत्कारिक परिणाम दाखवला. साखरेसारखा प्रेरक पदार्थ अगदी थोडा दिला, तर सगळ्या पेशी थोडेथोडे विकर तयार करत नाहीत. काही पेशी पूर्ण वेगाने करतात, बाकीच्या जवळजवळ काहीच करत नाहीत. कारण असे, की ज्या पेशीत योगायोगाने एखादे दार तयार झाले, तिच्यात प्रेरक जास्त शिरतो, त्यामुळे आणखी दारे तयार होतात, त्यांतून आणखी प्रेरक शिरतो. सारखीच जनुके असलेल्या, एकाच नळीत वाढणाऱ्या पेशी अशा दोन गटांत विभागल्या जातात. ‘सर्व जिवाणू एकसारखे’ असे मानून सरासरी काढणाऱ्यांना हा चांगलाच धडा होता.

पुढे १९६१ मध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी जनुकांच्या नियंत्रणाची आपली प्रसिद्ध उपपत्ती मांडली, तेव्हा विकराच्या जनुकाशेजारीच पर्मिएजचे जनुक मांडलेले होते. एक झेड, दुसरे वाय. १९६५ चे नोबेल पारितोषिक ल्वॉफ, जाकोब आणि मोनो यांना मिळाले. पण वाय जनुकापासून तयार होणारी वस्तू तोवर कोणाच्या हाती आली नव्हती.

खूण करण्याची युक्ती

विकर शुद्ध करणे तुलनेने सोपे असते, कारण ते पाण्यात विरघळते आणि प्रत्येक पायरीवर त्याचे काम मोजता येते. दाराचे तसे नाही. दार भिंतीतून उपटून काढले की ते दार राहत नाही. आत-बाहेर असा फरकच उरला नाही, तर ने-आण मोजणार कशी?

हार्वर्डमध्ये फ्रेड फॉक्स आणि युजीन केनेडी यांनी १९६५ मध्ये यावर एक युक्ती काढली. सिस्टीन या अमिनो आम्लाला घट्ट चिकटणारे एक रसायन पर्मिएजचे काम बंद पाडते, हे माहीत होते. मात्र पर्मिएजवर साखरेसारखा पदार्थ आधीच बसलेला असेल तर ते जागेचे रक्षण करतो. मग त्यांनी असे केले. आधी दारावर साखरेसारखा पदार्थ बसवला आणि साधे रसायन घालून पटलातल्या बाकी सगळ्या सिस्टीनच्या जागा भरून टाकल्या. नंतर तो पदार्थ धुऊन काढला. आता पर्मिएजची जागा तेवढी मोकळी झाली. या वेळी तेच रसायन किरणोत्सारी करून घातले. खूण बसली ती मुख्यतः पर्मिएजवरच. भिंत रंगवताना काचेवर कागद चिकटवून ठेवावा आणि नंतर तो काढून फक्त काचेवर वेगळा रंग द्यावा, तशी ही तऱ्हा.

अशा रीतीने पटलात खरोखरच असे एक प्रथिन आहे, हे दिसले. पुढच्या मोजणीत त्याचे रेणुभार सुमारे ३०,००० भरले. पण खूण बसलेले प्रथिन निकामी झालेले असे. ते हातात होते, पण मेलेले.

ऊर्जा कोठून येते?

साखर उताराविरुद्ध चढवायला ऊर्जा लागते. ती कोण पुरवतो? पेशीतला ऊर्जेचा नेहमीचा चलनी नाणे म्हणजे एटीपी. तोच थेट दाराला ऊर्जा देत असेल, असे बहुतेकांना वाटे.

इंग्लंडमधील पीटर मिचेल यांचा विचार वेगळा होता. त्यांच्या मते श्वसनाच्या वेळी पेशी प्रोटॉन बाहेर ढकलते. त्यामुळे बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी, शिवाय बाहेर धन आणि आत ऋण विद्युतभार, असा एक उतार तयार होतो. प्रोटॉनांना आत परतायची ओढ असते. १९६३ मध्ये त्यांनी सुचवले, की लॅक्टोजचे दार प्रोटॉन आणि साखर या दोघांना एकदमच आत घेते. विहिरीवरच्या कप्पीची कल्पना करा. दोराच्या एका टोकाला जड धोंडा खाली जातो आणि दुसऱ्या टोकाची घागर वर येते. प्रोटॉन हा तो धोंडा आणि साखर ही घागर.

याची परीक्षा कशी घ्यायची? मिचेल यांनी कॉर्नवॉल परगण्यातील ग्लिन हाउस नावाच्या जुन्या वाड्याची दुरुस्ती करून तेथे लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. इयन वेस्ट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी सरळ आहे. ई. कोलायच्या पेशी ऊर्जानिर्मिती बंद करून ठेवल्या. भोवतीचे पाणी असे ठेवले, की प्रोटॉनांची थोडीशी घटही पीएच मापकावर दिसावी. मग लॅक्टोज घातले. बाहेरच्या पाण्याचा पीएच लगेच वाढला. म्हणजे साखर आत जाताना पाण्यातले प्रोटॉन सोबत घेऊन गेली. १९७३ मध्ये वेस्ट आणि मिचेल यांनी मोजून दाखवले, की हे प्रमाण जवळपास एका साखरेस एक प्रोटॉन असे आहे.

येथे कथेत आणखी एक व्यक्ती येते. रॉन कॅबॅक हे शिक्षणाने डॉक्टर, पण आयुष्य घालवले पटलांच्या संशोधनात. जिवाणूची भित्ती काढून, पेशी फोडून, रिकाम्या पटलाच्या बंद पिशव्या तयार करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. या पिशव्यांत पेशीतला बाकी कोणताही माल नसतो, तरी योग्य इंधन दिले की त्या साखर आत ओढतात. १९७० च्या सुमारास कॅबॅक यांचे मत असे होते, की वाहक प्रथिने श्वसनसाखळीचाच भाग असावीत आणि इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहातून थेट ऊर्जा घेत असावीत. मिचेल यांच्या प्रोटॉनच्या उताराची तेथे गरज नव्हती.

मग फ्रँकलिन हॅरोल्ड यांच्या गटाने १९७३ मध्ये एक निर्णायक गोष्ट दाखवली. अशाच पिशव्यांत श्वसन चालू नसतानाही, पोटॅशियमच्या साहाय्याने पटलावर कृत्रिम विद्युतदाब निर्माण केला, तर पोषकद्रव्ये आत ओढली जातात. इंधन नाही, इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नाही, फक्त उतार आहे आणि तो पुरेसा आहे. पुढे स्वतः कॅबॅक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिशव्यांमधील विद्युतदाब आणि पीएचमधील फरक काळजीपूर्वक मोजले. आकडे मिचेल यांच्या बाजूने बोलत होते. कॅबॅक यांनी आपले पूर्वीचे मत सोडले आणि उरलेली चार दशके प्रोटॉनसह चालणाऱ्या याच दाराच्या अभ्यासात घालवली. मिचेल यांना १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

जनुक हाती येते

आता प्रथिनाकडे वळू. सामान्य जिवाणूत पर्मिएज फार थोडे असते. पुनर्संयोजित डीएनएचे तंत्र आले आणि ही अडचण सुटली. १९७८ मध्ये कलोन येथील बेनो म्युलर-हिल आणि ट्युबिंगेन येथील पीटर ओवेराथ यांच्या गटांनी वाय जनुक प्लाझ्मिडवर चढवले. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूत स्वतंत्रपणे वाढणारा डीएनएचा छोटा गोल. एका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, त्यामुळे जनुकाच्याही पुष्कळ प्रती होतात. पेशीने एरवीपेक्षा कितीतरी जास्त पर्मिएज पटलात भरले.

१९८० मध्ये ब्युशेल, ग्रोनेनबोर्न आणि म्युलर-हिल यांनी या जनुकाचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. त्यावरून कळले, की प्रथिनात ४१७ अमिनो आम्ले आहेत आणि त्याचा रेणुभार सुमारे ४६,५०० आहे. मग आधी ३०,००० कसा भरला होता? प्रथिने जेलमधून विद्युतप्रवाहाने सरकवून आपण त्यांचा आकार अजमावतो. पण पटलात राहणारी तेलकट प्रथिने त्या जेलमध्ये नेहमीच्या प्रथिनांसारखी वागत नाहीत, ती जास्त वेगाने सरकतात. मोजमाप करण्याची पद्धत ज्या वस्तूंवर बेतलेली असते, त्यांच्याहून वेगळी वस्तू आली की आकडा फसवतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

आता अखेरची पायरी. डिटर्जंट घालून पटल विरघळवायचे, पर्मिएज वेगळे काढायचे आणि तरीही ते जिवंत ठेवायचे. मायकेल न्यूमन आणि हार्वर्डचे हेस्टिंग्ज विल्सन यांनी १९८० मध्ये ऑक्टिल ग्लुकोसाइड या सौम्य डिटर्जंटने आणि जिवाणूचे फॉस्फोलिपिड बरोबर ठेवून हे साधण्याचा मार्ग दाखवला. १९८१ मध्ये न्यूमन, फॉस्टर, विल्सन आणि कॅबॅक यांनी शुद्ध केलेले पर्मिएज कृत्रिम मेदाच्या पिशव्यांमध्ये बसवले. त्या पिशव्यांत दुसरे कोणतेही प्रथिन नव्हते. प्रोटॉनचा उतार दिला, तर पिशव्यांनी लॅक्टोज आत साठवले.

मोनो आणि त्यांचे सहकारी म्हणाले होते, की एक स्वतंत्र प्रथिन हे काम करते. पंचवीस वर्षांनी ते एकटे प्रथिन मेदाच्या पापुद्र्यात ठेवले आणि ते काम झाले. मोनो हे पाहायला हयात नव्हते. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

कोणता भाग अत्यावश्यक?

जनुक हाती असल्याने आता प्रथिनातले कोणतेही अमिनो आम्ल बदलून पाहता येऊ लागले. पहिला नंबर लागला फॉक्स आणि केनेडी यांनी ज्यावर खूण केली त्या सिस्टीनचा. प्रथिनातल्या १४८ व्या जागी ते होते. रसायन तेथे चिकटले की दार बंद पडे, साखर बसली की ते वाचे. म्हणजे साखर वाहून नेण्यासाठी हे सिस्टीन अत्यावश्यक असणार, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. १९८४ मध्ये ते बदलून ग्लायसिन घातले आणि दार, वेग कमी झाला तरी, चालूच राहिले!

यातला तर्क नीट पाहण्यासारखा आहे. दाराच्या बिजागरीजवळ कोणी पाचर ठोकली तर दार अडेल. यावरून ती पाचर जेथे बसली ती जागा नाजूक आहे, एवढेच ठरते. तेथला खिळा दाराच्या हालचालीला आवश्यक आहे, असे ठरत नाही. सिस्टीन साखरेच्या जागेजवळ होते, म्हणून साखर त्याचे रक्षण करत होती. ते स्वतः काम करत नव्हते.

मग १९९१ मध्ये आठही सिस्टीन काढून टाकलेले पर्मिएज तयार केले गेले. तेही काम करत होते. आता त्यात एकेका जागी एकेक सिस्टीन नव्याने बसवून, ती जागा उघडी आहे का, साखर आली की झाकली जाते का, हे तपासता येऊ लागले. वर्षानुवर्षे चाललेल्या या कामात जवळपास प्रत्येक जागा तपासली गेली. निष्कर्ष चकित करणारा होता. ४१७ पैकी जेमतेम सहा अमिनो आम्लेच अशी निघाली, की त्यांना हात लावता येत नाही. त्यांतल्या काहींचे काम साखर धरण्याचे, काहींचे प्रोटॉनशी सांगड घालण्याचे. उदाहरणार्थ, ३२५ व्या जागचे ग्लुटामिक आम्ल बदलून ॲलनिन ठेवले, तर दार आतल्या आणि बाहेरच्या साखरेची अदलाबदल करू शकते, पण प्रोटॉनच्या जोरावर साठा करू शकत नाही. म्हणजे कप्पी फिरते, पण धोंड्याचा दोर सुटला आहे.

२००३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील सो इवाता आणि कॅलिफोर्नियातील कॅबॅक यांच्या गटांनी या प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. मूळ प्रथिन स्थिर राहत नव्हते, म्हणून १५४ व्या जागी बदल केलेला, कमी हालचाल करणारा प्रकार त्यांनी वापरला. तपशील दिसला तो ३.५ अँग्स्ट्रॉमपर्यंत. एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पटलातून आरपार जाणारी १२ सर्पिले, सहा-सहांच्या दोन गटांत, आणि त्यांच्यामध्ये पेशीच्या आतल्या बाजूने उघडी असलेली पोकळी. साखर त्या पोकळीच्या तळाशी, पटलाच्या साधारण मध्यावर बसलेली.

जुन्या वाड्याच्या देवडीला दोन दारे असत, तसे याचे काम चालते. बाहेरचे दार उघडे असताना आतले बंद, आतले उघडले की बाहेरचे बंद. दोन्ही एकाच वेळी उघडी राहिली तर उतारच नाहीसा होईल. अशी कल्पना ओलेग यार्डेत्स्की यांनी १९६६ मध्येच मांडली होती. पर्मिएजची बाहेरच्या बाजूने उघडलेली स्थिती दाखवणाऱ्या रचना पुढच्या दशकात मिळाल्या. कॅबॅक २०१९ मध्ये वारले, तोवर ते याच दारावर काम करत होते.

एका जिवाणूच्या दाराचे एवढे काय?

एवढे कष्ट एका जिवाणूच्या साखरेसाठी कशाला, असे कोणी विचारेल. पर्मिएज ज्या मोठ्या कुळातले आहे, त्या कुळातली वाहक प्रथिने सर्व सजीवांत आहेत. आपल्या तांबड्या पेशींत ग्लुकोज नेणारे प्रथिन याच कुळातले. काही रोगजंतू टेट्रासायक्लिन हे औषध पेशीतून बाहेर फेकतात, ते ज्या प्रथिनाने, तेही याच कुळातले. प्रतिजैविक का चालेनासे झाले, या प्रश्नाचे एक उत्तर अशा दारात दडलेले आहे.

उतारावरून येणाऱ्या कणाबरोबर दुसऱ्याला आत आणण्याचे तत्त्व तर याही पलीकडे पोहोचते. आपल्या आतड्यात सोडियमबरोबर ग्लुकोज आत येते, असे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत सुचवले. तेथले प्रथिन वेगळ्या कुळातले आहे, पण कप्पी तीच. मिठाबरोबर साखर दिली की दोन्ही आत शोषली जातात आणि मागोमाग पाणीही जाते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी मोठ्या प्रमाणावर पाजले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. जुलाबात मुलाला नुसते पाणी न देता त्यात मीठ आणि साखर दोन्ही का घालायचे, हे सांगताना पेशीपटलाचा धडा आपोआप जिवंत होतो.

वर्गात या इतिहासाचा उपयोग आणखी एका तऱ्हेने करता येईल. फळ्यावर एवढेच लिहावे : साबूत पेशी, पिवळा रंग नाही, फोडलेली पेशी, गडद पिवळा रंग. मग नाव, साल, पर्मिएज हा शब्द यांतले काहीही न सांगता मुलांना विचारावे, की याची किती कारणे सुचतात. दार नसेल, आत विकर कोंडले असेल, साबूत पेशीत विकराला रोखणारे काही असेल, टोल्यूइननेच विकर जागे केले असेल. प्रत्येक कारणापुढे, ते खरे की खोटे ठरवणारा एक प्रयोग त्यांनाच सुचवू द्यावा. पाश्चर संस्थेच्या माळ्यावर जे घडले त्याचा गाभा एवढाच होता, आणि त्याला किरणोत्सारी गंधकापेक्षा चौकस डोके जास्त लागले होते.